निर्णय श्रोत्याचा, जबाबदारी वक्त्याची: मत घडवणारे भाषण कसे बांधावे आणि कसे तपासावे

भाषण कसे करावे यावरचे बहुतेक सल्ले वक्त्यापाशी सुरू होतात आणि वक्त्यापाशीच थांबतात. ताठ उभे राहा, आवाज मोकळा सोडा, पहिल्या वाक्यात सभा जिंका. समोर बसलेल्यांनी ते ऐकून नेमके काय करायचे आहे, हे कुणी विचारत नाही. ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात वक्तृत्वावर तीन भागांचा ग्रंथ रचला, त्यात मात्र श्रोत्याला मानाची जागा आहे. श्रोत्याने निवाडा करायचा असतो आणि त्या निवाड्यासाठीच वक्तृत्व असते, ही त्याची मांडणी. ती आजही सर्वांत उपयोगी आहे, कारण तिच्यातून एक रोखठोक कसोटी मिळते. तुमचे बोलणे ऐकून श्रोत्याने जे ठरवले, ते दुसऱ्या दिवशी, सगळी माहिती हाती आल्यावरही त्याला पटेल का? पटणार असेल तर तुम्ही त्याला निर्णय घ्यायला मदत केलीत. नसेल तर त्याचा निर्णय तुम्ही हिरावून घेतलात.

पुढच्या पायऱ्या या कसोटीला धरून आहेत. ठराव मांडायचा असो, ठरावाला विरोध करायचा असो किंवा वरिष्ठांकडून एखादी मंजुरी मिळवायची असो, त्या चालतील. शक्य तिथे एकच उदाहरण घेतले आहे, म्हणजे एका पायरीचा दुसरीशी असलेला सांधा दिसेल. एका वाचनालयाची इमारत जुनी झाली आहे. ती दुरुस्त करायची की पाडून नवी बांधायची, हे सभासदांनी ठरवायचे आहे, आणि तुम्ही दुरुस्तीच्या बाजूचे आहात.

१. आधी निर्णय लिहा, भाषण नंतर

कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहा: हे ऐकून सभासदांनी काय ठरवावे? ‘इमारतीच्या जतनाचे महत्त्व पटावे’ हे उत्तर चालणार नाही, कारण महत्त्व पटूनही माणसे हात वर न करता घरी जातात. ‘दुरुस्तीला मंजुरी द्यावी आणि देखरेखीसाठी तीन सभासदांची समिती नेमावी’ हे चालेल. ज्यावर मत देता येते, ते वाक्य.

मग त्या निर्णयाचा काळ पाहा. ॲरिस्टॉटलने भाषणांचे तीन प्रकार केले, ते काळानुसार समजून घेणे सोपे जाते. न्यायालयातले भाषण घडून गेलेल्या गोष्टीबद्दल असते आणि तिथे न्याय-अन्याय तोलला जातो. विचारविनिमयाच्या सभेतले भाषण पुढे काय करायचे याबद्दल असते, तिथे हित-अहित. गौरवाचे किंवा निषेधाचे भाषण मुख्यतः वर्तमानाबद्दल असते, तिथे स्तुती किंवा निंदा. सभा भरकटतात त्या बहुधा इथेच. प्रश्न इमारतीचे पुढे काय करायचे हा असतो आणि तासभर चर्चा चालते ती मागच्या कार्यकारिणीने छपराकडे दुर्लक्ष का केले यावर. दोषी कोण हे ठरले तरी छप्पर गळतच राहते. म्हणून भाषणाच्या मसुद्यातली क्रियापदे तपासा. भविष्याचा निर्णय मागत असाल आणि निम्म्याहून जास्त वाक्ये भूतकाळात असतील, तर तुम्ही चुकीच्या सभेचे भाषण लिहिले आहे.

२. वाद नेमका कुठे अडला आहे ते शोधा

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या हर्मागोरस या ग्रीक शिक्षकाने वाद अडण्याच्या जागा चार प्रश्नांत बसवल्या. पुढे रोमन वकिलांनी त्यांच्यावर आपले शिक्षण उभे केले. घडले का? जे घडले त्याला काय म्हणायचे? ते कितपत योग्य किंवा गंभीर आहे? आणि हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा?

आपल्या उदाहरणात: भिंतींना खरोखर तडे गेले आहेत का? त्या तड्यांमुळे इमारतीला ‘धोकादायक’ म्हणता येते का? धोकादायक असली तरी पाडण्याइतकी वाईट अवस्था आहे का? आणि याचा फैसला सभासदांनी करायचा की बांधकाम जाणणाऱ्या तज्ज्ञाने?

समोरचे लोक ज्या प्रश्नावर अडले आहेत, त्याच प्रश्नावर बोला. सभासद तडे मान्य करत असतील तर तड्यांची छायाचित्रे दाखवण्यात वेळ घालवू नका. त्यांचे अडलेले आहे ‘धोकादायक’ या शब्दापाशी. तो शब्द कोणत्या तपासणीनंतर लावतात आणि या इमारतीची ती तपासणी झाली आहे का, हे सांगा. माझ्या मते संपूर्ण वक्तृत्वशास्त्रात इतके साधे आणि इतके दुर्लक्षित साधन दुसरे नाही. दोन माणसे तासन्‌तास भांडतात आणि शेवटी लक्षात येते की एक जण पहिल्या प्रश्नाचे उत्तर देत होता, दुसरा तिसऱ्याचे.

३. पूर्वपक्ष आपल्या हाताने लिहा

भारतीय शास्त्रपरंपरेत आपला सिद्धान्त मांडण्याआधी विरोधकाची बाजू, म्हणजे पूर्वपक्ष, मांडावा लागे. गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी केलेला तो वाद. केवळ जिंकण्यासाठी केलेला तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडून काढायची ती वितंडा. आपल्या बोलीत ‘वाद’ला भांडणाचा आणि ‘वितंडवाद’ला निष्फळ हुज्जतीचा रंग चढला आहे, पण हे तीन कप्पे मसुदा तपासायला अजून उपयोगी पडतात. आपले भाषण कोणत्या कप्प्यात बसते, हे स्वतःला विचारा.

काम असे करा. नवी इमारत हवी असणाऱ्या सभासदाच्या वतीने अर्धे पान लिहा. त्याची सर्वांत भक्कम कारणे घ्या: दुरुस्तीचा खर्च पुन्हा पुन्हा येत राहील, जागा अपुरी आहे, चालता न येणाऱ्यांना वरच्या मजल्यावर जाता येत नाही. ते पान त्या मताच्या माणसाला वाचायला द्या. ‘हो, माझे म्हणणे हेच आहे’ असे तो म्हणाला तरच पूर्वपक्ष झाला. तो कपाळाला आठी घालून ‘असे मी कधी म्हटले?’ असे विचारू लागला, तर तुम्ही त्याच्या नावाने बुजगावणे उभे केले आहे.

या खटाटोपाचा फायदा फक्त नैतिक नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉवलँड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन सैनिकांना जपानशी युद्ध अजून बराच काळ चालेल असे पटवणारी भाषणे ऐकवली. एकात फक्त एकच बाजू होती, दुसऱ्यात विरुद्ध कारणांचीही दखल घेतलेली होती. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की ज्यांचे मत आधीपासून तसेच होते त्यांच्यावर एकबाजूचे भाषण जास्त परिणाम करून गेले, पण ज्यांचे मत उलट होते त्यांच्यावर दोन्ही बाजूंचे. आणखी महत्त्वाची गोष्ट लम्सडेन आणि जॅनिस यांच्या १९५३ च्या अभ्यासात आहे. दोन्ही बाजू ऐकलेल्या लोकांना नंतर विरुद्ध प्रचार ऐकवला, तेव्हा त्यांचे बदललेले मत टिकून राहिले. एकच बाजू ऐकलेल्यांचे बऱ्याच अंशी ढासळले.

म्हणजे पूर्वपक्ष लपवून मिळवलेले मत दुसऱ्या वक्त्यापर्यंतच टिकते. तुमच्यानंतर कुणी बोलणार असेल, आणि बहुतेक सभांत कुणीतरी बोलतेच, तर विरोधी कारण पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकवा आणि तिथेच त्याचे उत्तर द्या.

४. युक्तिवाद पाच अवयवांत मांडा, मग त्यातले गाळा

न्यायशास्त्रात, म्हणजे न्यायसूत्रांवर उभ्या असलेल्या भारतीय तर्कशास्त्रात, अनुमानाची पाच वाक्ये सांगितली आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे. कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसा स्वयंपाकघरात. हा डोंगरही तसाच धुराने युक्त आहे. म्हणून तिथे अग्नी आहे. आपला मुख्य मुद्दा याच साच्यात लिहून पाहा.

इमारत दुरुस्त करावी. कारण तिचा पाया आणि खांब शाबूत आहेत, खराबी छपरापुरती आणि भिंतींच्या तड्यांपुरती आहे. ज्या इमारतीचा सांगाडा शाबूत असतो ती दुरुस्तीने टिकते, जशी त्याच काळात बांधलेली शेजारची शाळा टिकली. आपल्या इमारतीचा सांगाडा तपासणीत तसाच शाबूत आढळला आहे. म्हणून ती दुरुस्त करावी.

लिहिताना बहुतेकांची गाडी चौथ्या वाक्यावर, उपनयावर अडते. उदाहरण झकास सापडलेले असते, पण ते आपल्या प्रकरणाला लागू कसे पडते हे सांगायचे राहते. शाळेची दुरुस्ती यशस्वी झाली हे ऐकून सभा माना डोलावते, आणि शाळेच्या पायाखाली खडक होता व वाचनालयाखाली भरावाची माती आहे ही गोष्ट तशीच निसटते. उपनयाचे वाक्य प्रामाणिकपणे लिहिता आले नाही तर उदाहरण कितीही आवडले असले तरी टाकून द्या.

पाचही वाक्ये सभेत म्हणायची नाहीत. माणसे इतके भरलेले ऐकत नाहीत, आणि जे त्यांना ठाऊक आहे ते पुन्हा ऐकवले तर त्यांना अपमान वाटतो. ॲरिस्टॉटलने म्हटले आहे की वक्त्याचा युक्तिवाद आटोपशीर असावा. माहीत असलेली पायरी श्रोता स्वतःच जोडून घेतो. याच जोडण्यात वक्तृत्वाची खरी ताकद आहे. जे वाक्य श्रोत्याने स्वतः पूर्ण केले, ते त्याला स्वतःचे वाटते.

धोकाही तिथेच आहे. ‘तो सल्लागार बाहेरचा आहे, त्याला आपल्या वाचनालयाचे काय कळणार?’ या वाक्यात गाळलेली पायरी अशी: बाहेरच्या माणसाला इमारत कळत नाही. उघड म्हटली तर ती कुणी मान्य करणार नाही. न म्हटल्यामुळे ती चालून जाते, कारण श्रोत्याचा पूर्वग्रह ती गुपचूप भरून काढतो. म्हणून गाळलेले प्रत्येक वाक्य तयारीच्या वेळी एकदा मोठ्याने म्हणा. सभेत ते उघड म्हणायला जीभ कचरत असेल, तर तो युक्तिवाद वापरू नका.

५. विश्वास भाषणातूनच कमवा

वक्त्यावर विश्वास का बसतो याची ॲरिस्टॉटलने तीन कारणे दिली: त्याला विषय समजतो, तो सचोटीचा आहे, आणि त्याला श्रोत्यांचे भले हवे आहे. हा विश्वास आधीच्या नावलौकिकातून नव्हे तर बोलण्यातून उपजला पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. नवख्या वक्त्यासाठी ही दिलासा देणारी गोष्ट आहे.

समज दाखवायची ती पदव्या सांगून नव्हे, तपशिलातून. कुठला खांब, कुठली भिंत, पाणी कुठून झिरपते. सचोटी दाखवायची तर आपल्या बाजूची एक खरी उणीव आपणहून सांगा: दुरुस्ती केली तर वरच्या मजल्याच्या जिन्याचा प्रश्न सुटत नाही. आणि हितबुद्धी दाखवायची तर आपला हितसंबंध आधी उघड करा. दुरुस्तीचे काम तुमच्या नातेवाइकाला मिळण्याची शक्यता असेल तर ते पहिल्या मिनिटात सांगा. तेच दुसऱ्याने सांगितले तर तुमची पुढची सगळी कारणे खरी असूनही खोटी ठरतील.

६. भावना: किती, कशासाठी, कुठल्या वेळी

भावना टाळून निर्णय घ्यावा, असा सल्ला हमखास दिला जातो. तो मला पटत नाही. ज्या गोष्टीची चाड नाही तिच्याबद्दल कुणी विचारही करत नाही. पण भावनेने निवाडा वाकतो, हेही खरे. आपण प्रसन्न असताना आणि दुःखी असताना, स्नेहात आणि वैरात, एकाच गोष्टीचा एकसारखा निवाडा करत नाही, हे ॲरिस्टॉटलने स्पष्ट लिहिले आहे. न्यायाधीशाला राग, असूया किंवा दया यांनी भारून टाकणे म्हणजे ज्या पट्टीने मोजायचे तीच आधी वाकवणे, असेही तो म्हणतो. तरीही त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात त्याने भावनांचे सविस्तर विवेचन केले. यात विसंगती आहे असे मला वाटत नाही. मुद्द्याशी संबंध नसलेली भावना निवाडा वाकवते, मुद्द्यातूनच उगवलेली भावना त्याला धार देते.

प्रत्येक भावनेबद्दल त्याने विचारलेले तीन प्रश्न तयारीला फार उपयोगी आहेत: ती भावना येते तेव्हा मनाची अवस्था कशी असते, ती कुणाबद्दल येते, आणि कोणत्या कारणाने येते. सभेत भीती जागवायची असेल तर तिन्हींची उत्तरे लिहा. छप्पर कोसळण्याची भीती खरी आहे का? कुणाला धोका आहे? तपासणीत नेमके काय आढळले? तिसऱ्याचे उत्तर देता येत नसेल तर भीती जागवू नका.

भीतीबद्दल त्याचे आणखी एक निरीक्षण मोलाचे आहे. भीती माणसाला विचारविनिमयाकडे नेते, पण वाचण्याची काही आशा असेल तरच. सगळे संपले असे वाटले की माणूस विचार सोडून देतो. म्हणून धोका सांगितल्यावर लगेच वाट सांगा: पावसाळ्यापूर्वी छप्पर उतरवले, वाचनकक्ष तात्पुरता खालच्या दालनात हलवला, तर धोका टळतो. नुसते घाबरवलेले श्रोते एकतर हातपाय गाळून बसतात किंवा घाबरवणाऱ्यावरच चिडतात.

रागाची गोष्ट वेगळी. राग घाई करायला लावतो. इसवी सनापूर्वी ४२७ मध्ये अथेन्सच्या लोकसभेत जे घडले, ते थ्युसिडिडीसने आपल्या इतिहासात नोंदवले आहे, आणि वक्तृत्व शिकणाऱ्या प्रत्येकाने ते लक्षपूर्वक वाचावे. लेस्बॉस बेटावरच्या मितिलिनी या मित्रनगराने अथेन्सविरुद्ध बंड केले आणि शेवटी शरणागती पत्करली. संतापलेल्या सभेने ठरवले की तिथल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना ठार करावे, बायका-मुलांना गुलाम करावे. हुकूम घेऊन जहाज निघालेही. दुसऱ्या दिवशी लोकांचे मन खाऊ लागले आणि पुन्हा सभा भरली.

क्लिऑन नावाचा वक्ता म्हणाला, ठरवलेले बदलू नका. उशीर झाला की राग बोथट होतो आणि अपराध्याचे फावते. अथेन्सचे लोक भाषणांचे नुसते प्रेक्षक झाले आहेत, अशी कानउघाडणीही त्याने केली. त्याला डायोडोटसने उत्तर दिले. चांगल्या निर्णयाचे दोन मोठे शत्रू म्हणजे घाई आणि संताप, असे म्हणून त्याने सुरुवात केली. आणि मग मितिलिनीकरांसाठी दया भाकण्याऐवजी त्याने प्रश्नच बदलला. आपण न्यायालयात बसलेलो नाही, ते दोषी आहेत का हे ठरवायला आलो नाही. त्यांना कसे वागवण्यात आपले हित आहे हे ठरवायला आलो आहोत. सरसकट सगळ्यांना मारले तर उद्या बंड करणारे दुसरे नगर शरण कशाला येईल? ते शेवटपर्यंत लढेल. आणि तिथली सामान्य जनता, जी आज आपल्या बाजूची आहे, तीही बंडखोरांना मिळेल.

पहिल्या पायरीत पाहिलेला काळाचा फरक इथे माणसांच्या जिवावर बेतलेला दिसतो. भूतकाळाच्या अपराधावर खिळलेल्या सभेला डायोडोटसने भविष्याकडे वळवले. मते जवळजवळ बरोबरीची पडली, पण त्याची बाजू जिंकली. दुसरे जहाज धाडले गेले. पहिल्या जहाजाला सुमारे एका दिवस-रात्रीची आघाडी मिळाली होती. वल्हेकऱ्यांनी वल्हवता वल्हवताच दारू आणि तेलात कालवलेले जवाचे पीठ खाल्ले, पाळीपाळीने झोप घेतली. सेनापती पाखेसने पहिला हुकूम वाचला होता आणि तो अमलात आणायच्या बेतात होता, तेवढ्यात दुसरे जहाज पोचले. बंडाचे सूत्रधार म्हणून अथेन्सला पाठवलेल्यांना मात्र मृत्युदंड मिळालाच.

यातून घ्यायचे ते हे: संतापलेल्या सभेला ‘शांत व्हा’ म्हणून उपयोग नसतो. तिला उत्तर द्यायला दुसरा प्रश्न द्यावा लागतो.

७. आकडे आणि शब्द: चौकट कोण ठरवते?

इथे सर्वांत जास्त जपावे लागते, कारण इथे खोटे न बोलताही फसवता येते. ॲमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. ६०० लोकांच्या जिवाला धोका असलेली साथ येणार आहे, असे सांगून लोकांपुढे दोन योजना ठेवल्या. एकीत २०० जण नक्की वाचतील. दुसरीत सगळे ६०० वाचण्याची शक्यता एक-तृतीयांश आणि कुणीच न वाचण्याची दोन-तृतीयांश. ७२ टक्के लोकांनी पहिली, खात्रीची योजना निवडली. दुसऱ्या गटाला तीच माहिती मृत्यूंच्या भाषेत दिली: एकीत ४०० जण नक्की मरतील, दुसरीत कुणीही न मरण्याची शक्यता एक-तृतीयांश आणि सगळे मरण्याची दोन-तृतीयांश. आता खात्रीची योजना निवडणारे राहिले २२ टक्के. गणित तेच, निर्णय उलटा. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या कर्करोगावरील उपचारांच्या अभ्यासात, शस्त्रक्रियेतून १०० पैकी ९० जगतात असे सांगणे आणि १० दगावतात असे सांगणे यांत असाच फरक पडला, आणि तो डॉक्टरांच्या निवडीतही दिसला.

शब्दांचेही तसेच. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताच्या फिती दाखवून वेग विचारला. मोटारी एकमेकींवर ‘धडकून चुराडा झाल्या’ अशा अर्थाचे क्रियापद वापरले तेव्हा सरासरी उत्तर ताशी ४०.८ मैल आले. नुसता ‘स्पर्श झाला’ अशा अर्थाचे वापरले तेव्हा ३१.८. फिती त्याच होत्या.

मग करायचे काय? चौकटीशिवाय बोलता येत नाही, हे मान्य करून हे नियम पाळा.

महत्त्वाचा आकडा दोन्ही बाजूंनी सांगा. ‘दुरुस्त केलेल्या दहा इमारतींपैकी आठ टिकल्या’ म्हणालात तर ‘दोन पुढे पाडाव्या लागल्या’ हेही म्हणा.

टक्केवारीसोबत मूळ संख्या द्या. ‘धोका दुप्पट झाला’ हे वाक्य हजारात एकाचे दोन झाले तेव्हाही खरे असते आणि शंभरात वीसाचे चाळीस झाले तेव्हाही.

ज्या क्रियापदात किंवा विशेषणात निर्णय आधीच दडलेला आहे, त्याच्या जागी पाहिलेली गोष्ट लिहा. ‘मोडकळीला आलेली वास्तू’ ऐवजी ‘छपराचे पाणी झिरपणारी, पूर्वेकडच्या भिंतीला तडे असलेली इमारत’. विशेषण हवेच असेल तर पुरावा सांगून झाल्यावर वापरा. तेव्हा ते श्रोत्याच्या मनातले बोलते.

८. क्रम आणि सादरीकरण

यावर थोडक्यातच बोलायला हवे. जुन्या पाठ्यक्रमांत प्रस्तावना, निवेदन, सिद्धता, खंडन, समारोप असा क्रम शिकवत. ॲरिस्टॉटलच्या मते अपरिहार्य भाग दोनच: मुद्दा सांगणे आणि तो सिद्ध करणे. दहा मिनिटे मिळाली असतील तर आठ सिद्धतेला द्या.

सुरुवातीला मात्र एक गोष्ट जरूर करा: हा निर्णय श्रोत्याच्या आयुष्याला कुठे भिडतो ते सांगा. पेटी, कॅसिओप्पो आणि गोल्डमन यांच्या १९८१ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना नव्या सर्वंकष परीक्षेच्या बाजूचे युक्तिवाद ऐकवले. नियम लवकरच, आपल्यालाच लागू होणार असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यावर युक्तिवादाच्या कसाचा परिणाम झाला. दहा वर्षांनी लागू होणार असे वाटणाऱ्यांवर, सांगणारा किती मोठा तज्ज्ञ आहे याचा परिणाम जास्त झाला. कारणे तोलली जावीत असे वाटत असेल तर श्रोत्याला निर्णयाच्या जवळ आणा.

आवाज आणि हावभावांसाठी एकच सूचना. भाषण पाठ करू नका, युक्तिवादाची पाच वाक्ये पाठ करा. मग डोळे कागदावर न राहता माणसांवर राहतात, आणि कुणाच्या चेहऱ्यावर शंका उमटली की तिथे थांबता येते.

९. ऐकणाऱ्यासाठी

प्रत्येक वक्ता कधीतरी श्रोता असतोच, म्हणून हीच हत्यारे उलट्या बाजूने धरायला शिका. वक्त्याने जे मागितले ते आपल्या शब्दांत एका वाक्यात लिहा. लिहिता आले नाही तर मत देण्याआधी विचारा. त्याने गाळलेली पायरी भरून पाहा. आकडा दिला असेल तर ‘कितीपैकी?’ हा प्रश्न विचारा. भारावल्यासारखे वाटले तर त्या भावनेचे कारण मुद्द्यात आहे की सांगण्याच्या ढंगात, हे तपासा. आणि एखादे विधान खरे वाटत असेल तर ते पुराव्यामुळे की पुन्हा पुन्हा ऐकल्यामुळे, हेही. हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो यांनी १९७७ मध्ये दाखवले की परत परत कानावर आलेली विधाने माणसांना जास्त खरी वाटतात, मग ती खरी असोत की खोटी. एकाच सभेत तीन वक्त्यांनी तेच वाक्य म्हटले, तर ते तीन पुरावे नव्हेत.

सभेचे अध्यक्षपद तुमच्याकडे असेल तर तुमच्या हातात याहून जास्त आहे. ठराव मांडणाऱ्याला विचारा की कोणती माहिती मिळाली तर तुमचे मत बदलेल. विरोध करणाऱ्यालाही तेच विचारा. दोघांची उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या, आणि मतदान चर्चेनंतर लगेच न घेता विश्रांतीनंतर ठेवा. ज्या निर्णयाने काही पाडले जाणार आहे, कुणाला काढले जाणार आहे किंवा जे पुन्हा पूर्ववत करता येणार नाही, त्याचे मतदान शक्य असेल तर दुसऱ्या दिवशीच घ्या.